न्यू जर्सीची घरपट्टी, शि. सा. न. वि. वि.

एडिसन, न्यू जर्सी

ती. स्व. आप्पा व ती. सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

न्यू जर्सीत घराची किंमत वेगळी आणि घराचा खर्च वेगळा. सहा लाख डॉलरच्या घरावर वर्षाला तेरा-चौदा हजार डॉलर घरपट्टी येते आणि इथे त्याचे कोणाला नवल वाटत नाही. (रुपयांत हिशेब करू नये. केल्यास आकडा अकरा लाखांच्या पुढे जातो आणि उरलेले पत्र वाचण्याच्या मनःस्थितीत कोणी राहत नाही.) राज्यातल्या घरांची सरासरी पट्टी २०२३ मध्ये ९,८०३ डॉलर होती. २०२४ मध्ये ती १०,०९५ वर गेली आणि प्रथमच पाच आकडी झाली. एवढी जड सरासरी अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाही. तेव्हा ‘घर स्वतःचं झालं, आता दरमहा पैसे कोणाला देता?’ हा आप्पांचा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. पैसे बऱ्याच जणांना जातात. ते क्रमाने घेतलेले बरे.

घर घेणारे मराठी कुटुंब आधी घर बघत नाही, शाळा बघते. एडिसनमध्ये दोन सरकारी हायस्कुले आहेत, उत्तर भागासाठी जे. पी. स्टीव्हन्स आणि दक्षिणेसाठी एडिसन हाय. टाऊनशिप म्हणजे गावाचा कारभार एकच, पट्टीचा दर एकच, महापौरही एकच. पण कोणत्या शाळेच्या हद्दीत घर येते त्यावर किंमत हलते, आणि ही हद्द मंडळींना स्वतःच्या गोत्रापेक्षा पक्की पाठ असते. त्यानंतर न्यू यॉर्कची गाडी पकडायला मेट्रोपार्क स्टेशन किती मिनिटांवर आहे, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडला कढीपत्ता आणायला किती वेळ लागेल आणि घराचे तोंड पूर्वेला आहे का, हे प्रश्न येतात. पूर्वाभिमुख घराची मागणी इथल्या गोऱ्या एजंटांच्याही आता अंगवळणी पडली आहे. ते खिशातून होकायंत्र काढतात. छपराचे वय विचारण्याची पाळी सर्वांत शेवटी येते, वास्तविक ती पहिली यायला हवी.

घर पसंत पडले की बोली लावायची. चांगल्या शाळेच्या हद्दीत जाहिरातीतली किंमत ही फक्त बोलीची सुरुवात असते. एजंटाचे कमिशन पूर्वी विकणाऱ्याच्या खिशातून परस्पर जाई आणि घेणाऱ्याला एजंट फुकटात मिळाल्यासारखा वाटे. १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधीच घेणाऱ्याने आपल्या एजंटाशी लेखी करार करायचा आणि त्यात मोबदला लिहायचा, असा नियम दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने कोर्टातल्या तडजोडीनंतर लागू केला. मोबदला अजूनही पुष्कळदा विकणाराच देतो, पण आता तो मागून घ्यावा लागतो.

यापुढची पायरी न्यू जर्सीची खास आहे. इथे आधी करारावर सही करायची आणि मग वकिलाला तो वाचायला द्यायचा. हा उलटा क्रम वकील आणि दलाल यांच्या भांडणातून आला. करार दलालाने लिहावा की ते काम वकिलाचेच, हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८३ मध्ये मिटला. करार दलालाने लिहावा, पण पुढच्या तीन कामकाजी दिवसांत कोणत्याही बाजूच्या वकिलाला तो मोडता यावा, असे ठरले. व्यवहारात पत्रापत्री लांबत जाते आणि तीन दिवसांचा आठवडा होतो. तेवढ्यात विकणाऱ्याला चढी बोली मिळाली तर त्याचा वकील सभ्य भाषेत नकार कळवतो. त्यामुळे या मुदतीत पेढे वाटू नयेत आणि भारतात फोन करून बातमी तर मुळीच सांगू नये.

मुदत सुखरूप पार पडली की तपासणी. तपासनीस छपरापासून तळघरापर्यंत फिरतो आणि शेवटी पन्नास पानी अहवाल देतो, तो वाचून घर उभे कसे आहे याचेच आश्चर्य वाटते. वाळवीची तपासणी वेगळी. रेडॉनची आणखी वेगळी. हा जमिनीतून झिरपणारा किरणोत्सर्गी वायू तळघरात साठतो. एका लिटर हवेत ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त निघाला तर तो बाहेर काढण्याची व्यवस्था करावी, असे केंद्राच्या पर्यावरण खात्याचे सांगणे आहे. यंत्र बसवून देण्याचा खर्च विकणाऱ्याकडून मागता येतो. तेलाच्या टाकीचे मात्र तसे सोपे नाही. जुन्या घरांत हिवाळ्याची ऊब तेल जाळून येई आणि तेलाची लोखंडी टाकी अंगणात पुरलेली असे. पुढे गॅस आला, टाकी जमिनीतच राहिली, घराने चार मालक बदलले, आणि टाकी आहे हे सांगणारा कोणी उरला नाही. ती गंजून तेल झिरपले असेल तर माती उकरून साफ करण्याचा खर्च हजारो डॉलरांत जातो, क्वचित लाखाच्या घरातही, आणि तो आजच्या मालकाच्या गळ्यात पडतो. कोकणात परसात हंडा निघाला तर घराचे दैव उघडते. इथे परसात हंडा निघू नये म्हणून काहीशे डॉलर देऊन यंत्राने जमीन तपासून घेतात. ते पैसे वाचवणे हा घरखरेदीतला सर्वांत महाग शहाणपणा होय.

मग कर्ज. सहा लाखांचे घर, वीस टक्के म्हणजे १,२०,००० डॉलर पदरचे आणि ४,८०,००० कर्जाचे, असे उदाहरण घ्यावे. व्याजाचा दर साडेसहा टक्के आणि मुदत तीस वर्षे धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,०३४ डॉलर पडतो. पहिल्या हप्त्यात २,६०० डॉलर व्याज आणि फक्त ४३४ मुद्दल असते. तीस वर्षे मुकाट्याने फेडत राहिल्यास नुसते व्याजच सहा लाखांच्या वर जाते, म्हणजे आणखी एक घर बँकेला घेऊन दिल्यासारखे होते. भारतातल्या गृहकर्जात दर सहसा बदलता असतो. इथे तीस वर्षे तोच दर ठेवणारे कर्ज मिळते, आणि बाजारात दर उतरला तर जुने कर्ज फेडून नवे काढता येते. इथल्या व्यवस्थेत कर्जदाराच्या बाजूने झुकलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक. वीस टक्क्यांहून कमी पैसे घातले तर बँक वर विमा काढायला लावते. त्याचा हप्ता घर घेणाऱ्याने भरायचा आणि कर्ज बुडाले तर नुकसानभरपाई बँकेला मिळायची. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने, कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आले की हा विमा बंद करा असे कर्जदाराला सांगता येते. ७८ टक्क्यांना तो आपोआप बंद होतो. पण आधी मागितले तर आधी सुटका.

व्यवहार पुरा होण्याच्या दिवसाला क्लोजिंग म्हणतात. कर्जाचे शुल्क, घराचे मूल्यमापन, मोजणी, वकिलाची फी, टायटलचा, म्हणजे मालकी हक्काचा, शोध आणि विमा, घराचा पहिल्या वर्षाचा विमा हे सारे मिळून किमतीच्या दोन ते चार-पाच टक्के वेगळे ठेवावे लागतात. अंतिम हिशेबाचा कागद क्लोजिंगच्या निदान तीन कामकाजी दिवस आधी हातात पडला पाहिजे असा नियम आहे. तो खरोखर वाचावा, कारण टेबलावर बसल्यावर सह्या इतक्या असतात की तिसाव्या सहीला स्वतःचे नाव अनोळखी वाटू लागते. टायटलचा विमा ही आप्पांच्या विशेष आवडीची गोष्ट ठरेल. महाराष्ट्रात वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट देतो आणि पुढे चुलत चुलत भावाने दावा लावला तर ज्याचे त्याने पाहावे. इथे एकदाच हप्ता भरून विमा घेतात, आणि मागच्या शंभर वर्षांतली भाऊबंदकी अचानक उपटली तर कंपनी निस्तरते. बँक आपल्यापुरता विमा सक्तीने काढायला लावतेच. मालकाचा वेगळा काढावा लागतो आणि तो काढावा.

मुद्रांक शुल्काचे काय, असा प्रश्न घरून नक्की येणार. पुण्यात एक कोटीच्या फ्लॅटला सर्व अधिभार धरून सात टक्के, म्हणजे सात लाख रुपये मुद्रांक शुल्क आणि वर नोंदणीचे तीस हजार लागतात. एकट्या बाईच्या नावाने घेतल्यास एक टक्का सूट. न्यू जर्सीत हस्तांतराचे शुल्क विकणारा भरतो. घेणाऱ्याला खरेदीखत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरी नोंदवण्यापुरतेच पैसे पडतात. आत येताना घेणाऱ्याकडून इतके थोडे घेणारे सरकार पाहून माणूस भारावून जातो. महाराष्ट्रात सरकार घेणाऱ्याकडून दारातच एकदा भरपूर घेते आणि पुढे घरपट्टीत बऱ्यापैकी हात आखडते. पुण्यात स्वतः राहत असल्यास चाळीस टक्के सवलत आहे, मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. न्यू जर्सीत सगळे याच्या नेमके उलट. येताना सोपे, राहताना महाग. घर घेणाऱ्याने किमतीआधी हीच गोष्ट समजून घ्यावी, पण बहुतेकांना ती पहिले बिल आल्यावर समजते.

आता ती पट्टी. तिचा हिशेब किमतीपासून सुरू होत नाही, गावाच्या गरजेपासून सुरू होतो. शाळा मंडळ, टाऊनशिप आणि काउंटी यांनी वर्षाला किती पैसे लागणार ते आधी ठरवायचे. मग तो आकडा गावातल्या सगळ्या मालमत्तांच्या मूल्यांकनावर वाटायचा. त्यातून दर शंभर डॉलरमागे किती, हे निघते. समजा एका गावात दर शंभराला ५.५० डॉलर आहे आणि सहा लाखांच्या घराचे मूल्यांकन गावाच्या वहीत अडीच लाख आहे. पट्टी झाली १३,७५० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे १,१४६. वहीतले मूल्यांकन बाजारभावाच्या निम्म्याहून कमी कसे, तर गावाने फेरमूल्यांकन कित्येक वर्षांत केलेले नसते. नवख्या कुटुंबाला कमी मूल्यांकन पाहून आनंद होतो आणि साडेपाच टक्के दर पाहून धडकी भरते. दोन्ही व्यर्थ. सगळ्या गावाचे मूल्यांकन उद्या दुप्पट केले तर दर निम्मा होईल आणि सरासरी घराची पट्टी तेवढीच राहील. खरे ओझे बाजारभावाच्या हिशेबात पाहावे. या उदाहरणात ते २.३ टक्के येते.

बिलावर तीन मोठे आकडे असतात. राज्यभराची सरासरी पाहिली तर निम्म्याहून थोडे अधिक शाळांना, तीन दशांशाच्या आसपास गावाला आणि उरलेले काउंटीला जाते. पिवळ्या बसा, बॅन्ड, जलतरण तलाव, रोबोटिक्सचा वर्ग हे सगळे त्या पहिल्या आकड्यात येते. मूल शाळेत असो, कॉलेजला गेलेले असो की झालेलेच नसो, पट्टीत फरक पडत नाही. दोन मुले सरकारी शाळेत असलेल्या कुटुंबाने पट्टीविषयी तक्रार करणे वास्तविक शोभत नाही. तरीही गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मुख्य विषय तोच असतो. रांगेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या घराची किंमत आणि पट्टी माहीत असते, कारण दोन्ही सार्वजनिक दप्तरात असून फोनवर पाहता येतात. मुलीकडच्यांनी पगार विचारण्याची प्रथा इथे त्यामुळेच मागे पडत चालली आहे.

एवढी पट्टी का, याचे उत्तर इतिहासात आहे. क्षेत्रफळाने पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर ते या राज्याहून मोठे भरतील. एवढ्याशा राज्यात २१ काउंट्या आणि ५६४ स्वतंत्र गावे आहेत. बहुतेकांना आपापला महापौर, आपापले पोलीस आणि स्वतःचा बर्फ काढणारा ट्रक लागतो. १८९४ च्या सुमारास शाळांच्या कायद्यातल्या बदलामुळे बर्गन काउंटीत वेगळे गाव स्थापन करण्याची साथच आली होती. त्या काउंटीतल्या टेटरबरो या गावी विमानतळ आहे, लोकवस्ती मात्र शंभरसुद्धा नाही. त्यालाही स्वतःचा कारभार आहे. गावे एकत्र करा म्हणजे खर्च कमी होईल, हे दर निवडणुकीत सगळे म्हणतात. प्रिन्स्टन बरो आणि तिला चहूबाजूंनी वेढणारी प्रिन्स्टन टाऊनशिप २०१३ मध्ये एक झाली, आणि अजून उदाहरण म्हणून तिचेच नाव घ्यावे लागते. वाटण्या करून वेगळे राहण्याची हौस केवळ आपल्याकडेच आहे असा आप्पांचा समज असेल तर तो इथे दुरुस्त करावा.

१९७३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन विरुद्ध काहिल या खटल्यात असे म्हटले की, शाळा अशा गावोगावच्या पट्टीवर चालवल्याने गरीब गावातल्या मुलांवर अन्याय होतो. विधिमंडळ पैसे शोधण्यात चालढकल करत राहिले, तेव्हा न्यायालयाने १९७६ च्या जुलैत शाळांवर खर्च करायलाच मनाई केली. शाळा बंद पडल्या. उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून मुलांना फारसे कळले नाही, पण विधिमंडळाला कळले, आणि गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांच्या काळात राज्याचा पहिला प्राप्तिकर आला. त्याचे उत्पन्न घरपट्टीचा भार हलका करण्यासाठीच वापरावे असे राज्यघटनेत लिहिलेले आहे. आज कुटुंब प्राप्तिकरही भरते आणि घरपट्टीही भरते. पुढे २०१० मध्ये गावांनी आणि शाळांनी पट्टीची एकूण वसुली वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवू नये असा कायदा झाला. कर्जफेड, निवृत्तिवेतन, आरोग्यविमा यांच्या वाढीला त्यातून काही सूट आहे, म्हणजे जे खर्च खरोखर वाढतात त्यांनाच.

पट्टीचे हप्ते चार: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर. नवा दर उन्हाळ्यात ठरतो, म्हणून पहिले दोन हप्ते मागच्या वर्षावरून अंदाजाने घेतात आणि फरक पुढच्या दोनांत वळता करतात. सहसा दहा दिवसांची सवलत मिळते. ती चुकली तर पहिल्या दीड हजार डॉलर थकबाकीवर आठ टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे अठरा टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते. पुण्यात मेअखेर पट्टी भरली की सवलत मिळते म्हणून रांगा लागतात. इथे वेळेत भरल्याबद्दल कोणी पाठ थोपटत नाही. बहुतेकांची पट्टी बँकच भरते. महिन्याच्या हप्त्याबरोबर बारावा हिस्सा घेऊन ती एस्क्रो नावाच्या खात्यात ठेवते, शिवाय दोन महिन्यांपर्यंतची जादा गंगाजळी तिला ठेवता येते. वर्षातून एकदा पत्र येते की पट्टी आणि विमा वाढल्याने खात्यात तूट आहे, सबब पुढच्या महिन्यापासून हप्ता वाढेल. तीस वर्षे न बदलणारा हप्ता दर वर्षी बदलतो, तो असा. वरच्या उदाहरणात कर्जाचे ३,०३४, पट्टीचे १,१४६ आणि विम्याचे दीडशेच्या आसपास धरले तर महिन्याला ४,३३० डॉलर होतात. आप्पांच्या प्रश्नाचे आकड्यातले उत्तर हे.

पट्टी अन्यायाची वाटली तर अपील आहे. ते पट्टीविरुद्ध नसते, मूल्यांकनाविरुद्ध असते. बहुतेक काउंट्यांत १ एप्रिलपर्यंत काउंटीच्या कर मंडळाकडे अर्ज द्यायचा. अडीच लाख मूल्यांकनाच्या घराला त्याची फी फक्त २५ डॉलर आहे. घराची किंमत आदल्या १ ऑक्टोबरला काय होती, हा मुद्दा, आणि पुरावा म्हणजे आसपासच्या तशाच घरांच्या विक्रीचे आकडे. जास्त कराची रड, नोकरी गेल्याची हकीकत, शेजाऱ्याला कमी पट्टी असल्याची चीड, यांतले काही चालत नाही. समजा त्या गावाचे सरासरी मूल्यांकन बाजारभावाच्या ४० टक्के आहे. १९७३ च्या कायद्याने त्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा टक्क्यांची, म्हणजे ३४ ते ४६ अशी मर्यादा आखून दिली आहे. सहा लाखांच्या घराचे मूल्यांकन अडीच लाख असेल तर ते ४१.७ टक्के होते, म्हणजे मर्यादेत आहे आणि अपील फेटाळले जाईल. पण घर खरे पाच लाखांचेच आहे हे सिद्ध केले तर ते पन्नास टक्के होते. मग मूल्यांकन ४० टक्क्यांवर, म्हणजे दोन लाखांवर येते आणि वर्षाला २,७५० डॉलर वाचतात. गंमत अशी की हेच कुटुंब वर्षभर पाहुण्यांना घर आता साडेसहा लाखांच्या खाली नाही असे सांगत असते आणि मंडळापुढे छप्पर गळते, रस्त्याचा आवाज येतो, घराला काही किंमत नाही, असे शपथेवर सांगते.

मूल्यांकन वाढण्याचा एक मार्ग कुटुंब स्वतःच उघडते. तळघर सजवून तिथे पाहुण्यांची खोली काढली, न्हाणीघर वाढवले, मागे लाकडी ओटा बांधला की परवाना घ्यावा लागतो, परवान्याची प्रत मूल्यांकन अधिकाऱ्याकडे जाते आणि वाढीव पट्टीचे वेगळे बिल येते. आई-आप्पा आले की सोय व्हावी म्हणून केलेली खोली ते परत गेल्यावरही वर्षानुवर्षे पट्टी देत राहते. परवाना न घेणारेही आहेत. त्यांचे घर विकायला निघाले की सगळे बाहेर येते.

सवलती आहेत, पण त्या आधी भरून नंतर मिळवायच्या. अँकर नावाच्या योजनेत दीड लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरमालकाला राज्य वर्षाला १,५०० डॉलर देते, अडीच लाखांपर्यंत १,००० आणि पासष्टीपुढच्यांना २५० जास्त. नवरा-बायको दोघेही आयटीत असले की उत्पन्न या रेषेच्या नेमके थोडे वर निघते. ज्येष्ठांची पट्टी गोठवणारी एक योजना आहे, आणि २०२६ पासून पासष्टीपुढच्यांना निम्मी पट्टी, सुरुवातीला ६,५०० डॉलरच्या मर्यादेत, परत देणारी स्टे एनजे ही आणखी एक. आप्पा पासष्टीच्या पुढचे आहेत हा मुद्दा कुटुंबात चर्चिला गेला आहे. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेला ज्येष्ठ त्यात बसत नाही. केंद्राच्या प्राप्तिकरातून पट्टीची वजावट मिळते, पण २०१७ च्या कायद्याने राज्याचे सगळे कर मिळून तिला दहा हजार डॉलरचे झाकण बसवले. न्यू जर्सीत एकट्या पट्टीनेच ते भरून जाई. २०२५ मध्ये मर्यादा चाळीस हजारांवर नेली, पाच लाखांवरच्या उत्पन्नाला ती पुन्हा उतरते.

पट्टी भरलीच नाही तर गाव ती थकबाकी लिलावात विकते. गुंतवणूकदार गावाला पैसे देतो आणि घरमालकाकडून व्याजासह वसूल करण्याचा हक्क घेतो. मुदतीत फेडले नाही तर घरही जाऊ शकते. मिनेसोटात जेराल्डिन टायलर या वृद्ध बाईंची व्याज-दंडासह सुमारे १५,००० डॉलर पट्टी थकली, काउंटीने त्यांची जागा ४०,००० ला विकली आणि सगळे पैसे ठेवून घेतले. २०२३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की थकबाकीच्या वरचे पैसे मालकाचेच आहेत. न्यू जर्सीनेही २०२४ मध्ये आपला कायदा त्याप्रमाणे बदलला.

इतर राज्यांतल्या मराठी मंडळींचे सुख ऐकून जीव टाकू नये. कॅलिफोर्नियात १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने मूळ पट्टी खरेदीच्या किमतीच्या एक टक्का आणि मूल्यांकनाची वाढ वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के, असे बांधून टाकले. त्यामुळे फ्रीमाँटमध्ये चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या आजींची पट्टी नाममात्र आणि शेजारी काल आलेल्या तरुण जोडप्याची त्यांच्या कित्येक पट. टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्याचे कौतुक डॅलसचे नातेवाईक दर दिवाळीला करतात. पट्टी मात्र तिथेही चांगलीच जड आहे, हे ते सांगायचे विसरतात.

घर विकतानाही काम संपत नाही. हस्तांतराचे शुल्क आणि एजंटाचे कमिशन विकणाऱ्याकडून जाते. दहा लाख डॉलरवरच्या घराचा एक टक्का जादा कर पूर्वी घेणारा भरत असे. १० जुलै २०२५ पासून तो विकणाऱ्यावर आला असून किमतीप्रमाणे साडेतीन टक्क्यांपर्यंत चढतो. त्याशिवाय ‘परत कधी येणार’ या आईच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली एक बाब आहे. राज्य सोडून गेलेल्या माणसाने घर विकले तर नफ्याच्या १०.७५ टक्के किंवा किमतीच्या दोन टक्के, यांतली जास्त असेल ती रक्कम प्राप्तिकरापोटी आधीच जमा करावी लागते. लोक याला राज्य सोडण्याचा कर म्हणतात. वास्तविक तो आगाऊ भरणा आहे आणि जास्त झालेले विवरणपत्र भरल्यावर परत मिळते. घर स्वतःच्या राहण्याचे असेल आणि फॉर्मवर योग्य चौकटीत खूण केली तर तेही भरावे लागत नाही. खूण कोणत्या चौकटीत करायची ते वकील सांगतो. त्याची फी वेगळी.

कळावे.